खारपाण पट्ट्यातलं ढेकूळ आणि अणूंमधले बंध

रसायनशास्त्रात एमएस्सी केलेल्या आणि पेट-नेटची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, रासायनिक बंधांचे प्रकार किती? उत्तर पाठच असतं. आयनिक, सहसंयुज म्हणजे कोव्हॅलंट, समन्वयी म्हणजे कोऑर्डिनेट, धात्विक, आणि मग हायड्रोजन बंध व व्हॅन डर वाल्स बल. प्रत्येकाचं एकेक उदाहरणही ठरलेलं आहे: मीठ, मिथेन, अमोनियम, तांबं, पाणी, आर्गॉन.

आता पुढचा प्रश्न विचारा. आपल्या वावरातल्या काळ्या मातीत यातला कोणता बंध असतो? इथे गाडी अडते. कारण पुस्तकात एका प्रकाराला एक पदार्थ दिलेला असतो, आणि खऱ्या पदार्थात हे सगळे बंध एकाच वेळी, एकमेकांना खेटून बसलेले असतात. संशोधनात आपल्या हातात येतो तो खरा पदार्थ.

म्हणून आज मीठ-मिथेन बाजूला ठेवू आणि पूर्णेच्या खोऱ्यातलं एक ढेकूळ घेऊ. बंधांचे सगळे प्रकार त्याच्या निमित्तानं पाहू. शेवटी एका आकड्याची गोष्ट सांगायची आहे, आणि संशोधनाला निघालेल्यांसाठी तीच जास्त महत्त्वाची.

हे ढेकूळ कुठलं?

पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांतला बराच भाग या गाळावर वसलेला आहे. यालाच आपण खारपाण पट्टा म्हणतो. क्षेत्र सुमारे ४.७ लाख हेक्टर, गावं जवळपास ९००. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारं. प्यायला चालत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन बिघडते.

बिघडते म्हणजे काय, ते शेतकरी नेमकं सांगतो. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, वर साचून राहतं. वापसा लवकर येत नाही. आला तर दोन दिवसांत निघून जातो आणि जमीन दगडासारखी होते. कृषी खात्याच्या भाषेत ही चोपण जमीन. यात ‘खारी’ आणि ‘चोपण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्या. खाऱ्या जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात. चोपण जमिनीत मातीच्या कणाला चिकटलेलं सोडियम जास्त असतं. ‘विरघळलेलं’ आणि ‘चिकटलेलं’ हा फरकच मुळात बंधाचा फरक आहे.

आधी मीठ: आयनिक बंध

उन्हाळ्यात या भागात काही ठिकाणी जमिनीवर पांढरा थर दिसतो. तो वाळून वर आलेल्या क्षारांचा. त्यातलं साधं मीठ, सोडियम क्लोराइड, घेऊ. सोडियम एक इलेक्ट्रॉन गमावतो, क्लोरीन तो घेतो, आणि धन व ऋण आयन एकमेकांना ओढतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण यात ‘एका सोडियमची एका क्लोराइडशी जोडी’ असं काही नसतं. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. हा बंध सगळ्या दिशांना सारखा ओढतो.

एक मोल मिठाच्या स्फटिकातले सगळे आयन वेगळे करायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात. एवढा मजबूत पदार्थ चमचाभर पाण्यात मुकाट्यानं विरघळतो कसा? कारण पाण्याचे रेणू आयनांना चहूकडून वेढतात आणि त्यात जवळपास तेवढीच, म्हणजे ७८३ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा बाहेर पडते. फरक राहतो जेमतेम चारचा. एन्ट्रॉपीतली वाढ हा चारचा खड्डा सहज भरून काढते.

एखादा बंध मजबूत आहे की नाही, हे एकट्यानं कधी ठरत नाही. समोर कोणता पर्याय आहे, यावर ते ठरतं. मिठाचा बंध हवेत अभेद्य आहे आणि पाण्यात लेचापेचा. पुढे मातीत हेच दिसणार आहे.

मातीचा सांगाडा: सहसंयुज, पण किती?

आपली काळी माती बसाल्टची, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनली. तिच्यातलं मुख्य चिकणमाती-खनिज म्हणजे स्मेक्टाइट. त्याची रचना पापुद्र्यांची असते. एकेक पापुद्रा जवळपास १ नॅनोमीटर जाड. त्यात तीन पत्रे: वर आणि खाली सिलिकॉन-ऑक्सिजनचा पत्रा, मध्ये ॲल्युमिनियम-ऑक्सिजनचा. पोळीच्या दोन पदरांमध्ये सारण असावं तसं. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे सगळे पापुद्रे उलगडले तर त्यांच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग मिळून सात-आठ गुंठे भरेल. एका ग्रॅममध्ये!

सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कोणत्या प्रकारचा? लिनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची, म्हणजे इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीची मोजपट्टी दिली. त्या पट्टीवर ऑक्सिजन ३.४४, सिलिकॉन १.९०. फरक १.५४. आपण पाठ केलेला नियम सांगतो, फरक १.७ पेक्षा कमी असेल तर सहसंयुज आणि जास्त असेल तर आयनिक. म्हणजे हा सहसंयुज.

आता मधल्या पत्र्यातला ॲल्युमिनियम बघा. त्याची विद्युतऋणता १.६१, फरक १.८३. नियमाप्रमाणे हा आयनिक. एकाच पापुद्र्यात, एकाच ऑक्सिजनला एका बाजूनं सहसंयुज आणि दुसऱ्या बाजूनं आयनिक बंध? तो ऑक्सिजन काय मधोमध रेघ ओढून बसला आहे?

तर नाही. पॉलिंग यांचं सूत्र वापरून बंधातला आयनिक हिस्सा काढा. फरकाचा वर्ग करायचा, त्याला ४ नं भागायचं, त्याचा ऋण घातांक घ्यायचा आणि १ मधून वजा करायचा. उत्तरं अशी येतात:

- सोडियम-क्लोरीन: सुमारे ७१ टक्के
- ॲल्युमिनियम-ऑक्सिजन: सुमारे ५७ टक्के
- सिलिकॉन-ऑक्सिजन: सुमारे ४५ टक्के
- हायड्रोजन-ऑक्सिजन: सुमारे ३२ टक्के

४५ आणि ५७ मध्ये भिंत नाही, उतार आहे. १.७ हा आकडा कुठून आला? तिथे हा हिस्सा साधारण ५० टक्के होतो, एवढंच त्याचं मोठेपण. निसर्गानं तिथे कुंपण घातलेलं नाही. पटत नसेल तर दोन उदाहरणं घ्या. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ आहे, तरी तो सुटे रेणू असलेला सहसंयुज पदार्थ. सोडियम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७, तरी तो मिठासारखा आयनिक स्फटिक. नियम दोन्हीकडे उलटा पडतो.

मग हे प्रकार निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही. दिशा दाखवायला ते उत्तम आहेत. फक्त त्यांना मोजमाप समजू नका.

पापुद्र्यावरचा ऋणभार

पॉलिंग यांचं नाव इथे आणखी एका कारणानं येतं. १९३० मध्ये त्यांनी अभ्रक आणि तत्सम खनिजांची पापुद्र्यांची रचना मांडली होती. म्हणजे ज्या माणसाच्या मोजपट्टीवर आपण बंध मोजतो, त्यानं या पापुद्र्यांचंही कोडं सोडवलं होतं.

स्फटिक बनत असताना काही ठिकाणी तीन धनभारांच्या ॲल्युमिनियमच्या जागी दोन धनभारांचं मॅग्नेशियम बसतं. किंवा चार भारांच्या सिलिकॉनच्या जागी तीन भारांचं ॲल्युमिनियम. आकार जवळपास सारखा, म्हणून जागा मिळते. पण दर वेळी एक धनभार कमी पडतो आणि पापुद्र्यावर कायमचा ऋणभार राहतो. तो फेडायला बाहेरून धन आयन येतात आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये बसतात.

या ऋणभाराचं प्रमाण बदललं की पदार्थाचा स्वभावच बदलतो. तीन भावंडं शेजारी ठेवून बघा.

टाल्क, म्हणजे पावडरच्या डब्यातलं खनिज. त्याच्या पापुद्र्यावर भार जवळपास शून्य. पापुद्रे फक्त व्हॅन डर वाल्स बलानं एकमेकांजवळ राहतात, म्हणून बोटांत चोळलं की घसरतात.

अभ्रक. त्याच्यावर भार भरपूर, आणि मध्ये पोटॅशियम घट्ट बसलेलं. पाणी आत शिरू शकत नाही.

स्मेक्टाइट या दोघांच्या मधलं. पापुद्रे धरून ठेवण्याइतका भार आहे, पण पाण्याला अडवण्याइतका नाही. म्हणून पाणी आत शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते, आणि वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. कोकणातल्या लाल मातीत मुख्यतः केओलिनाइट असतं. त्याचे पापुद्रे हायड्रोजन बंधांच्या लांबलचक रांगांनी शिवलेले असतात. म्हणून तिथे आपल्यासारख्या भेगा पडत नाहीत.

गंमत बघा. सांगाड्याचे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध मोलमागे साधारण ४५० किलोज्यूलचे. ते पावसाळ्यात तुटत नाहीत, उन्हाळ्यातही तुटत नाहीत. शेतकऱ्याचं वर्ष ठरतं ते पापुद्र्यांच्या मधल्या दुबळ्या बंधांवर.

सोडियम की कॅल्शियम?

आता खारपाण पट्ट्याच्या मुळाशी येऊ. पापुद्र्यांच्या मध्ये बसायला दोन उमेदवार आहेत, सोडियम आणि कॅल्शियम. दोघांची आयनिक त्रिज्या जवळपास सारखी, १०२ आणि १०० पिकोमीटर. फरक भाराचा. सोडियमवर एक, कॅल्शियमवर दोन.

पाण्याशी कॅल्शियमची ओढ कितीतरी जास्त. त्याला पाण्यानं वेढलं की मोलमागे साधारण १५८० किलोज्यूल सुटतात, सोडियमला सुमारे ४०६. यावरून वाटेल की कॅल्शियमवाली माती जास्त फुगेल. होतं उलटंच.

कॅल्शियमचा एक आयन दोन ऋणभार सांभाळतो. तो पाणी घेतो, पण वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवतो. पापुद्र्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर १.९ नॅनोमीटरच्या आसपास गेलं की फुगणं थांबतं. सोडियमला एकच हात आहे. पाणी भरपूर मिळालं की तो पापुद्र्यापासून थोडा लांब सरकतो आणि शेजारच्या दोन पापुद्र्यांभोवती सोडियमचे दोन ढग तयार होतात. हे ढग एकमेकांना दूर लोटतात. अंतर ४ नॅनोमीटरच्या पुढे जातं आणि शेवटी पापुद्रे सुटे होऊन पाण्यात तरंगू लागतात. याला डिस्पर्शन म्हणतात, मराठीत विखुरणं.

हे सुटे पापुद्रे पाण्याबरोबर खाली जातात आणि मातीच्या बारीक छिद्रांत अडकतात. छिद्रं बुजली की पाणी मुरायचं थांबतं. वाळल्यावर वर घट्ट पापुद्रा धरतो आणि कोंब बाहेर येऊ शकत नाही. ‘जमीन चोपण झाली’ या वाक्याचा अणूंच्या पातळीवरचा अर्थ हा.

यात एक मेख आहे. खारं पाणी देत असताना माती विखुरत नाही. पाण्यात क्षार जास्त असतील तर सोडियमचे ढग दाबले जातात आणि पापुद्रे एकत्र राहतात. घोटाळा होतो पहिल्या मोठ्या पावसात. पावसाचं गोड पाणी क्षार धुऊन नेतं, सोडियम मात्र पापुद्र्याला चिकटून राहतं, आणि मग माती फुटते. म्हणून उन्हाळ्यात विहिरीचं खारं पाणी देऊन पीक तगलं, म्हणून जमीन ठीक आहे असं समजता येत नाही.

राहिलेले दोन प्रकार

समन्वयी बंध शोधायला कृषी सेवा केंद्रात जा. तिथे ‘चिलेटेड झिंक’ची पुडी मिळते. आपल्या चुनखडीयुक्त, जास्त सामू असलेल्या जमिनीत साधं जस्त दिलं की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं आणि पिकाला मिळत नाही. ईडीटीए नावाचा रेणू दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा ठिकाणांहून जस्ताला इलेक्ट्रॉनच्या जोड्या देतो आणि खेकड्यासारखा पकडून ठेवतो. बंधातले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूचे, म्हणून समन्वयी. पण एकदा तयार झाला की ‘हा समन्वयी’ आणि ‘हा साधा सहसंयुज’ असा शिक्का बंधावर नसतो. अमोनियम आयनातले चारही नायट्रोजन-हायड्रोजन बंध अगदी सारखे असतात. समन्वयी हा शब्द बंध कसा जन्मला ते सांगतो, तो कसा आहे ते नाही.

धात्विक बंध ढेकळात नाही, पण ढेकूळ फोडणाऱ्या वखराच्या पाशीत आहे. लोखंडात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात, सगळ्या गावाचे असतात. म्हणून लोहारानं घाव घातला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि तरी बंध तुटत नाही. पाशीला धार लावता येते ती यामुळे. मिठाच्या खड्यावर तोच घाव घातला तर सारख्या भाराचे आयन समोरासमोर येतात आणि खडा फुटतो.

आणि वऱ्हाडात बसून हायड्रोजन बंधाबद्दल लिहायचं तर कापूस सोडून चालणार नाही. कापूस म्हणजे जवळपास सगळा सेल्युलोज. साखळीच्या आत ग्लुकोजच्या कड्या सहसंयुज बंधांनी जोडलेल्या, आणि साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी बांधलेल्या. असा एकेक बंध मोलमागे साधारण २० किलोज्यूलचा, सांगाड्याच्या बंधाच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाएवढा. पण ते इतके असतात की सुती कापड पाण्यात भिजतं, विरघळत नाही.

१५ की ५?

आता त्या आकड्याची गोष्ट.

मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण धन आयनांत सोडियमचा वाटा किती टक्के, याला ईएसपी म्हणतात. अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये आपली प्रसिद्ध पुस्तिका काढली. तिच्यात ईएसपी १५ च्या वर असेल तर जमीन चोपण, अशी मर्यादा दिली होती. हा आकडा जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. आपणही तो पाठ केला.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या अनेक जमिनी या कसोटीवर ‘चोपण नाही’ अशा निघत होत्या. अहवाल ठीक म्हणतो, आणि वावरात पाणी मुरत नाही. कुणावर विश्वास ठेवायचा? नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमि उपयोग नियोजन ब्युरोशी संबंधित संशोधकांनी या मातीत पाणी किती वेगानं मुरतं ते प्रत्यक्ष मोजलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला. इथल्या काळ्या मातीची मुरण्याची क्षमता ईएसपी ५ च्या पुढेच बिघडू लागते. ऑस्ट्रेलियानंही १५ हा आकडा न स्वीकारता ६ ची मर्यादा धरली आहे.

फरक का पडला, ते आता तुम्हीच सांगू शकता. आपल्या मातीत स्मेक्टाइट खूप. त्यामुळे पृष्ठभाग प्रचंड, आणि थोड्या टक्क्यांचं सोडियमही पुष्कळ पापुद्रे सुटे करायला पुरतं. त्यात पावसाचं पाणी जवळपास क्षारविरहित.

त्याच अभ्यासातून आणखी एक दुवा पुढे आला. कोरड्या हवामानात मातीतलं कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपानं, म्हणजे आपल्या ओळखीच्या चुनखडीच्या खड्यांच्या रूपानं बाहेर पडत राहतं. जितकं कॅल्शियम चुनखडीत अडकतं, तितका द्रावणात आणि कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. म्हणजे केवळ विहिरीचं पाणी दोषी नाही, हवामानही आतून हे काम करत असतं.

बंधांमधला १.७ आणि मातीतला १५, हे दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत. कुणीतरी, कुठल्या तरी नमुन्यांवरून, सोयीसाठी ओढलेली रेघ. रेघ ओढणाऱ्यांची चूक नव्हती, त्यांच्या नमुन्यांना ती लागू होती. पण आपला नमुना आणि रेघ यांचं जमत नसेल, तर आधी नमुन्याला दोष देऊ नका. मोजून बघा. १९९६ चं ते काम याच हिमतीतून आलं.

जिप्समचं गणित

उपाय ऐकलेला असतो: जिप्सम टाका. जिप्सम म्हणजे दोन पाणी असलेलं कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांवर बसतं, सोडियम बाहेर पडतं, सोडियम सल्फेट बनून पाण्याबरोबर निघून जातं.

चुनखडीतही कॅल्शियम आहेच, मग जिप्सम कशाला? दोन्हींत कॅल्शियम आयनिक बंधानं धरलेलं, दोन्हींत ऋण आयनाच्या आत सहसंयुज बंध. फरक विरघळण्याचा. एका लिटर पाण्यात जिप्सम सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं, चुनखडी शुद्ध पाण्यात १३-१४ मिलीग्रॅम. बंधाचा प्रकार तोच, निकाल वेगळा. मिठाच्या वेळी पाहिलं होतं तेच, पर्याय काय आहे यावर सगळं ठरतं. धैंचा-तागासारखं हिरवळीचं खत गाडलं की कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं तयार होतात आणि चुनखडीतलं थोडं कॅल्शियम मोकळं होतं, म्हणून तोही उपायाचा भाग आहे.

एक गणित करून बघू. समजा मातीची धन आयन धरण्याची क्षमता किलोमागे ५० सेंटिमोल, ईएसपी १२, आणि तो ४ वर आणायचा आहे. काढायचं सोडियम ५० च्या ८ टक्के, म्हणजे ४ सेंटिमोल. एका सेंटिमोल भाराला जिप्सम ०.८६ ग्रॅम लागतं, म्हणून किलोमागे ३.४४ ग्रॅम. एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोली आणि घनता १.४ धरली तर माती २१०० टन. गुणाकार करा: सुमारे ७.२ टन, तेही शुद्ध जिप्सम आणि अदलाबदल शंभर टक्के झाली तर. एवढा खर्च छोट्या शेतकऱ्याला एका हंगामात झेपणारा नाही. आणि सुटलेलं सोडियम सल्फेट वाहून जायला चर नसेल तर ते तिथेच राहतं आणि केलेलं काम वाया जातं. प्रत्यक्ष मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवायची, हे गणित फक्त समजून घेण्यासाठी.

घरी करता येईल असं

दोन काचेचे ग्लास घ्या. एकात आरओचं किंवा पावसाचं पाणी, दुसऱ्यात त्याच पाण्यात चिमूटभर जिप्सम ढवळून, निवळू देऊन. प्रत्येकात वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ अलगद सोडा. ढवळू नका, हलवू नका. दोन तासांनी बघा आणि मग दुसऱ्या दिवशी बघा.

ढेकूळ बुडबुडे सोडत ढासळलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर ते फक्त मोडणं आहे. आत अडकलेली हवा बाहेर पडताना तसं होतं. पण ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला, तर ते विखुरणं. म्हणजे सोडियमचं काम. जिप्समच्या ग्लासात तो ढग दिसणार नाही किंवा खूप कमी दिसेल. पापुद्र्यांच्या मधला बंध तुमच्या डोळ्यांसमोर बदललेला असेल, कोणत्याही यंत्राशिवाय.

विषय शोधत असाल तर या एका ग्लासात तीन-चार प्रश्न आहेत. तुमच्या गावच्या मातीत ढग कोणत्या ईएसपीला सुरू होतो? पाण्यात किती क्षार असले की तो थांबतो? मॅग्नेशियम कॅल्शियमच्या बाजूचं की सोडियमच्या? अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र व कृषी रसायनशास्त्र विभाग आहे. विषय पक्का करण्याआधी तिथले जुने प्रबंध चाळा, म्हणजे झालेलं काम पुन्हा होणार नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, बंधांचे प्रकार किती, तर सहा नावं जरूर सांगा. त्यानंतर एवढं जोडा: कोणता पदार्थ, कोणत्या पाण्यात, आणि तुम्ही काय मोजणार आहात, ते आधी सांगा.